ग्रीक न येणाऱ्यांचा विषय

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी तीन आठवडे आमच्याकडे राहून गेली. माझा धाकटा भाऊ गेली अठरा-वीस वर्षे इंग्लंडात, लेस्टर शहरी, इंजिनियर आहे. मुलगी तिथेच जन्मली आणि तिथेच वाढली. पण आईबापांनी घरात मराठी टिकवल्यामुळे ती माझ्याशी मराठीतच बोलते.

एके दिवशी दुपारी बाहेर धो धो पाऊस लागला होता. आम्ही दोघे ओटीवर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसलो होतो. तिच्या मांडीवर शेक्सपियरचे 'ऑथेल्लो' उघडे होते. पुढच्या महिन्यात ती ज्या कॉलेजात जाणार होती, तिथल्या शिक्षकांनी ते सुट्टीत वाचून यायला सांगितले होते. वाचता वाचता तिने मान वर केली आणि विचारले, "काका, तुम्हाला कॉलेजात शेक्सपियरचं कुठलं नाटक होतं?"

प्रश्न अगदी साधा होता, पण हातातली शेंग मी तशीच धरून बसलो. मी शाळामास्तर, चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, घरात पुस्तकांचे कपाट आहे. तेव्हा काका कॉलेजात गेलाच असणार, असे पोरीने गृहीत धरले होते. मी म्हणालो, "बाळ, मी कॉलेजात गेलोच नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. आमच्या घरात अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात."

मी दहावी झालो त्याच वर्षी वडील गेले. दोघांपैकी एकालाच पुढे शिकवणे शक्य होते. भाऊ गणितात हुशार, म्हणून तो शिकला आणि मी मास्तरकी धरली. यात त्यागबिग काही नव्हता. घरोघरी असेच होई. पण कॉलेजात जाऊन साहित्य शिकावे, ही इच्छा मात्र कुठेतरी तळाशी राहून गेली होती. त्या दुपारी ती वर आली.

पोरीने थोडा वेळ जाऊ दिला आणि मग आपली अडचण सांगितली. तिला पुढची दोन वर्षे इंग्रजी साहित्य, इतिहास आणि गणित असे तीन विषय घ्यायचे होते. बापाचे म्हणणे, साहित्य सोड आणि केमिस्ट्री घे. "साहित्य काय, घरीसुद्धा वाचता येतं," असे तो म्हणतो. "काका, तुम्ही बाबांना सांगाल का? ते तुमचं ऐकतात."

मी "बघतो" म्हणालो खरा, पण ज्या वर्गात आपण कधी बसलो नाही त्या वर्गाची वकिली करायची कशी? शेवटी मास्तरांचा जो उपाय असतो तोच मी केला. हा विषय आला कुठून, कोणी आणला आणि कोणासाठी आणला, हे शोधायला बसलो. तालुक्याच्या वाचनालयातली जुनी पुस्तके काढली, काही पुतणीने आपल्या फोनवर मिळवून दिली. त्यातून जे हाती आले ते इतके अनपेक्षित होते, की दिवाळीच्या फराळाबरोबर ते वाचकांपुढेही ठेवावेसे वाटते.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इंग्लंडात सोळाव्या वर्षी शाळेची मुख्य परीक्षा संपते. पुढची दोन वर्षे, म्हणजे आपली अकरावी-बारावी, यांना तिथे 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. पूर्वीच्या मोठ्या शाळांत सर्वांत वरच्या वर्गाचे हे नाव होते. रग्बी शाळेचे हेडमास्तर टॉमस अर्नल्ड १८२८ ते १८४२ या काळात हा वर्ग स्वतः शिकवीत आणि शाळेची शिस्तही याच मुलांच्या हाती सोपवीत. आता या दोन वर्षांसाठी स्वतंत्र कॉलेजेही आहेत. असे पहिले कॉलेज म्हणून लूटन गावच्या, १९६६ साली सुरू झालेल्या कॉलेजाचे नाव घेतात. शेवटी जी परीक्षा होते ती 'ए लेव्हल'. ही परीक्षा १९५१ साली आली. त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे 'हायर स्कूल सर्टिफिकेट' होते. मुले साधारण तीनच विषय घेतात, पण ते खोलवर शिकतात. तीनच म्हटल्यावर एकेका विषयावरून घरोघरी भांडणे होणारच!

आता अर्नल्डसाहेबांच्या त्या वरच्या वर्गात मुले काय शिकत? मुख्यतः लॅटिन आणि ग्रीक. शेक्सपियर, मिल्टन ही त्यांच्याच घरातली माणसे. पण ती शिकवायची आणि त्यांची परीक्षा घ्यायची, ही कल्पना तिथल्या विद्वानांना विचित्र वाटे. आपली भाषा काय, सभ्य माणसाला येतेच! गोष्टी-कविता त्याने दिवाणखान्यात वाचाव्यात, विद्येसाठी ग्रीक आहे. माझा भाऊ आज लेस्टरमध्ये बसून जे म्हणतो तेच ऑक्सफर्डचे पंडित दीडशे वर्षांपूर्वी म्हणत होते.

मग हा विषय पहिल्याने कोणी शिकवला? ज्यांना दिवाणखान्यात प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी तो शिकवला गेला. सुरुवात स्कॉटलंडात दिसते. स्कॉटलंड १७०७ साली इंग्लंडशी जोडले गेले. लंडनमध्ये पुढे यायचे तर इंग्रजी नीट लिहिता-बोलता आले पाहिजे, ही तिथल्या तरुणांची गरज होती. एडिंबरो विद्यापीठात १७६२ साली ह्यू ब्लेअर यांना वक्तृत्व आणि ललित वाङ्मय या विषयाचे प्राध्यापक नेमले गेले. इंग्रजी गद्य-पद्य समोर ठेवून चांगले लिहिणे कशाला म्हणतात, हे ते समजावून सांगत.

त्यानंतरचा टप्पा आपल्या देशातला आहे. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारवर हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये बाजूला काढण्याची जबाबदारी आली. १८१७ साली कलकत्त्याला हिंदू कॉलेज निघाले. तिथे पुढे कॅप्टन रिचर्डसन शेक्सपियर शिकवीत. त्यांनी संपादिलेला इंग्रजी कवितांचा जाडजूड संग्रह १८४० साली कलकत्त्यातच छापला गेला. मायकेल मधुसूदन दत्त हे त्यांचेच विद्यार्थी. फेब्रुवारी १८३५ मध्ये मेकॉले यांनी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि मार्चमध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांनी इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने ठराव केला. १८४४ पासून सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम मिळू लागला.

मुंबईत एल्फिन्स्टनसाहेब १८२७ साली निवृत्त होऊन निघाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या नावे दोन लाख रुपयांवर वर्गणी जमवली आणि त्यातून इंग्रजी भाषा, साहित्य व पाश्चात्त्य शास्त्रे शिकवणाऱ्या प्राध्यापकांची सोय झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेत शिकवीत. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्यांत एक महादेव गोविंद रानडे होते. ज्या शब्दाने आमच्या घरात माझी इयत्ता सांगतात, त्या शब्दाचे मूळ हे!

गौरी विश्वनाथन या विदुषीने १९८९ साली 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' नावाचा ग्रंथ लिहिला. इंग्रजी साहित्य हा शिक्षणाचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कंपनी सरकारला उघडपणे ख्रिस्ती धर्म शिकवता येत नव्हता. तेव्हा धर्माने जे साधायचे ते काव्यातून साधावे आणि राज्यकर्त्यांविषयी आदर उत्पन्न व्हावा, असा हिशेब त्यामागे होता, असे त्या दाखवतात. हेतू काही पवित्र नव्हता, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता इंग्लंडकडे वळू. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज त्या काळी सरकारमान्य चर्चच्या अनुयायांपुरती होती. इतर पंथांचे ख्रिस्ती, यहुदी यांना तिथली पदवी मिळत नसे. अशांसाठी लंडनमध्ये नवे विद्यापीठ उभे राहिले आणि १८२८ साली तिथे टॉमस डेल यांना इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक नेमले. त्यानंतर एफ. डी. मॉरिस यांचे नाव येते. १८४० पासून ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात इंग्रजी साहित्य व इतिहास शिकवीत. १८४८ साली त्यांनी स्त्रियांसाठी क्वीन्स कॉलेज काढले. तिथे इंग्रजी साहित्याचे पहिले प्राध्यापक कादंबरीकार चार्ल्स किंग्जली होते. १८५४ साली मॉरिस यांनी कामगारांसाठी 'वर्किंग मेन्स कॉलेज' काढले. दिवसभर हातकाम करून आलेली माणसे संध्याकाळी तिथे शिकत. रस्किन त्यांना चित्रकला शिकवीत आणि फर्निव्हल इंग्रजी.

स्कॉच, हिंदी, वेगळ्या पंथाचे लोक, स्त्रिया आणि कामगार, ही यादी मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो. ज्यांना ग्रीक शिकण्याची सोय नव्हती, त्या सर्वांचा हा विषय!

त्याला पहिला मोठा मान मिळाला तोही हिंदुस्थानामुळेच. कंपनीच्या मुलकी नोकऱ्या पूर्वी वशिल्याने मिळत. त्या स्पर्धेच्या परीक्षेने भराव्यात असे ठरले, तेव्हा परीक्षेचा आराखडा मेकॉले यांच्याच समितीने १८५४ साली केला. एकंदर ६,८७५ गुणांपैकी इंग्रजी निबंध, इतिहास आणि साहित्य यांना मिळून १,५०० गुण ठेवले. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. हिंदुस्थानचा कलेक्टर व्हायचे तर शेक्सपियर वाचणे असे फायद्याचे ठरले. परीक्षा १८५५ पासून सुरू झाली. ती लंडनला होई, त्यामुळे हिंदी माणसाला तिथवर पोहोचणेच कठीण. तरी १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर तीत उत्तीर्ण झाले.

एवढे झाले तरी ऑक्सफर्डचे दार बंदच होते. १८८५ साली त्यांनी इंग्रजीची एक प्राध्यापकाची जागा निर्माण केली आणि तीही साहित्याच्या माणसाला न देता नेपियर या भाषाशास्त्रज्ञाला दिली. साहित्याला स्वतंत्र परीक्षा असावी म्हणून चर्टन कॉलिन्स यांनी वर्षानुवर्षे लेख लिहून रान उठवले. फ्रीमन या इतिहासाच्या प्राध्यापकाने १८८७ साली या विषयाची टर उडवली. त्याच्या मते शेलीविषयी गप्पा मारणे म्हणजे विद्या नव्हे. अखेर १८९४ साली ऑक्सफर्डने इंग्रजीची पदवी परीक्षा मान्य केली. तिथे सुरुवातीपासून स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्या परीक्षेला बसत आणि उत्तीर्ण होत, पण पदवी त्यांना १९२० पर्यंत मिळाली नाही. केंब्रिजने इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, सुरू केली. स्त्रियांना पदवी द्यायला मात्र १९४८ साल उजाडले.

केंब्रिजचेच आय. ए. रिचर्ड्स वर्गात कवितांचे कागद वाटत. त्यावर ना कवीचे नाव, ना काळ. मुलांनी नुसती कविता वाचून मत लिहायचे. मोठ्या घरच्या, मोठ्या शाळांतल्या त्या मुलांनी नामांकित कवींच्या कविता टाकाऊ ठरवल्या आणि सामान्य कविता डोक्यावर घेतल्या. रिचर्ड्स यांनी ती सारी मते १९२९ साली पुस्तकात छापली. घराणे, पैसा, शाळेचे नाव, यांतले काहीच त्या कागदापुढे उपयोगी पडत नाही, हे त्यातून दिसून आले. आज ए लेव्हलच्या परीक्षेत न वाचलेला उतारा देतात, तो याच प्रयोगाचा वारसा.

शाळांपर्यंत हा विषय खऱ्या अर्थाने पोहोचला तो विसाव्या शतकात. १९२१ साली न्यूबोल्ट समितीने इंग्रजी हाच शिक्षणाचा गाभा असावा अशी शिफारस केली. १९४४ च्या कायद्याने सरकारी शाळांतले माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि खाणकामगारांची, गिरणीकामगारांची मुलेही सिक्स्थ फॉर्मपर्यंत येऊ लागली. सध्याच्या नियमांप्रमाणे, म्हणजे २०१५ पासून, या विषयाला दोन वर्षांत किमान आठ ग्रंथ वाचावे लागतात. त्यांतले तीन तरी १९०० पूर्वीचे, त्यात एक शेक्सपियरचा, आणि एक तरी २००० नंतरचा. हे नुसते गोष्टी वाचणे नव्हे, हे भावाला सांगायला मला एवढा पुरावा पुरेसा होता.

पण मास्तराने हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. हे दार बाहेरच्यांसाठी उघडले खरे, पण सगळ्या बाहेरच्यांसाठी नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, खेड्यातल्या प्राथमिक शाळा तशाच राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो खोटा म्हणता येणार नाही. मात्र हेच जोतीराव मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते आणि टॉमस पेन वाचून पेटून उठले होते. राज्यकर्त्यांनी हा विषय आज्ञाधारक माणसे घडवायला आणला; वाचणाऱ्यांनी त्याचे भलतेच करून टाकले. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. 'ऑथेल्लो' महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच मराठीत आणले होते, आणि १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचेच 'झुंझारराव' रंगभूमीवर उभे केले. ज्याने कॉलेजचा उंबरा कधी ओलांडला नाही अशा प्रेक्षकालाही त्या नाटकाने रडवले. माझे आजोबा त्या नाटकातले संवाद शेतात म्हणत, असे वडील सांगत.

पुतणी परत जाण्याच्या आदल्या रात्री मी तिला विचारले, "तुला हाच विषय का पाहिजे? खरं सांग." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, ऑथेल्लो परका आहे. लढाई आली की त्यांना तो लागतो. पण त्यांच्या मुलीशी त्याने लग्न केलं की तो चालत नाही. तो त्यांच्या कामाचा असतो, पण त्यांचा नसतो. बाबा कधीकधी कामावरून येतात, जेवतात आणि काही बोलत नाहीत. हे नाटक वाचताना मला बाबा समजले. घरी एकटीने वाचलं असतं तरी हे समजलं असतं, पण मग ते बोलू कोणाशी?"

त्या रात्री मी भावाला पत्र लिहिले. फोनवर असले बोलणे जमत नाही. वर सांगितलेला सारा इतिहास लिहिला. ती यादीही लिहिली, आणि खाली लिहिले, 'या यादीत शेवटी मी माझे नाव घालणार होतो. पण दार उघडायच्या वेळी माझ्या हातात पगाराचे पाकीट होते. आता तिथे तुझ्या मुलीचे नाव घालू दे. ती जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. तू तिलाच विचार.'

दोन आठवड्यांनी रविवारी त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग तो थांबला आणि म्हणाला, "दादा, तुला कॉलेजात साहित्य शिकायचं होतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

मी म्हणालो, "त्या वेळी सांगून काय झालं असतं?"

यावर तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. फोनचे पैसे मात्र चालू होते! पूर्वी मी त्याची आठवण करून दिली असती.

पोरीने तूर्त चार विषय घेतले आहेत, साहित्य आणि केमिस्ट्री दोन्ही. नाताळनंतर एक सोडायचा आहे. कोणता, ते अजून ठरलेले नाही आणि मी विचारतही नाही. भावाने मात्र मुलीचे 'ऑथेल्लो' रात्री वाचायला घेतले आहे, असे वहिनीने हळूच कळवले.

आणि दर रविवारी संध्याकाळी आमचा एक तास ठरला आहे. पोर तिकडे एक प्रवेश इंग्रजीत वाचते, आणि मी इकडे वाचनालयातून आणलेल्या 'झुंझारराव'मधला तोच प्रवेश मराठीत वाचतो. मग कुठे काय बदलले आणि देवलांनी ते का बदलले असेल, यावर आम्ही वाद घालतो. तिच्या शिक्षकांनी दिलेले प्रश्न ती मला विचारते. अर्ध्याहून अधिक मला येत नाहीत. तेव्हा ती समजावून सांगते, आणि मी वहीत उतरवून घेतो.